बहिरी ससाणा, चित्ता आणि फासा: आवाज न करता केलेल्या शिकारीचा हिशेब



पोस्ट लांब आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन वाचा. आणि घरात बारा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर त्यांनाही वाचून दाखवा. कारण विषय त्यांच्याच तोंडचा आहे: सायलेन्सर लावलेली रायफल.

आमच्या घरी नववीतलं एक रत्न आहे. शिकारीचा कसलासा गेम खेळतो आणि 'सबसॉनिक', 'सप्रेसर' हे शब्द जेवताना असे फेकतो, जसे मी ऑफिसात 'प्रोव्हिजन' आणि 'अक्रुअल' फेकते. त्याने दोन प्रश्न विचारले. शिकारीला सायलेन्सर खरंच लावतात का? आणि आपल्याकडे पूर्वी आवाज न करता शिकार कशी करायचे? पहिल्याचं उत्तर मी एका संध्याकाळी वाचून काढलं. दुसऱ्याने मात्र मला कोल्हापूर, कल्याणी, सोलापूर फिरवून पुन्हा बहरीनमध्ये आणून सोडलं. तोच प्रवास इथे मांडते. मी इतिहासाची प्राध्यापक नाही, सीए आहे. त्यामुळे हिशेबाची भाषा मधूनमधून येणारच.

आधी यंत्र समजून घेऊ

हायरम पर्सी मॅक्झिम हा अमेरिकन इंजिनिअर. मशीनगन बनवणारे हायरम मॅक्झिम हे याचे वडील. वडिलांनी जगातली सगळ्यात कर्कश वस्तू बनवली आणि मुलाने तो आवाज दाबायचं यंत्र! मार्च १९०९ मध्ये त्याला सायलेन्सरचं पेटंट मिळालं. हेच तत्त्व मोटारीच्या धुराड्याला लागू पडतं. आपल्या गाडीखाली असलेला सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर ही भावंडंच.

बंदुकीचे मुख्य आवाज दोन. एक, नळीच्या तोंडातून कोंडलेला गरम वायू एकदम बाहेर पडतो त्याचा. कुकरची शिट्टी आठवा. तीच वाफ चार-पाच कप्प्यांतून फिरवून हळूहळू सोडली तर शिट्टी होणार नाही. सायलेन्सर एवढंच करतो. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. हवेत ध्वनीचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. गोळी त्याहून वेगाने गेली की वाटेभर चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. हा आवाज नळीच्या बाहेर तयार होतो, म्हणून सायलेन्सर त्याला काही करू शकत नाही. मग उपाय एकच, गोळीच ध्वनीपेक्षा हळू सोडायची. तीच सबसॉनिक गोळी.

आता फुकट काहीच मिळत नाही. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग निम्मा केला तर ऊर्जा पाव होते. गोळी लवकर खाली येते, लांबचं लक्ष्य साधत नाही. म्हणजे शिकाऱ्याला जनावराच्या खूप जवळ जावं लागतं, नाहीतर ते जखमी होऊन तडफडत पळतं. आणि सिनेमात ऐकू येतं तसं 'फुस्स' काही होत नाही. साधारण रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. उरतो तोही मोठाच असतो, फक्त कान फुटत नाहीत. फिनलंड, नॉर्वेमध्ये शिकारी हे यंत्र सर्रास वापरतात, ते मुख्यतः कान वाचवायला.

अमेरिकेने मात्र १९३४ च्या कायद्यात सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसवला. त्या काळी ही रक्कम एवढी मोठी होती, की कर कसला, बंदीच. भारताच्या शस्त्र नियमांत तर बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी साधनं सरळ निषिद्ध वर्गात येतात.

सरकारांना ही शांतता एवढी का खुपते? माझं उत्तर ऑडिटरचं आहे. बंदुकीचा बार ही रानातली पावती आहे. बार झाला की गावाला कळतं, वनरक्षकाला कळतं, उरलेल्या कळपालाही कळतं. व्यवहार झाला आणि पावतीच फाटली नाही, तर वहीत नोंद कशी होणार? म्हणून पुढचा सगळा इतिहास मी एकाच प्रश्नाने वाचला: बिनपावतीची शिकार कोणाला करता येत होती, आणि कोणाला नाही?

हाकारे घालणारे कोण होते

आपण चित्रांत बघतो ती राजेरजवाड्यांची आणि साहेबांची शिकार शांत मुळीच नव्हती. त्याला 'हाका' म्हणत. गावची माणसं रानाला अर्धवर्तुळ करून उभी राहायची, ढोल, डबे, आरोळ्या यांनी जनावर उठवायचं, मचाणाकडे ढकलायचं. बंदूक मचाणावर आणि वाघ हाकेकऱ्यांच्या अंगावर. बहुतेक ठिकाणी हे काम वेठीचं असे, म्हणजे मजुरीशिवाय. शिकारीच्या फोटोत मेलेला वाघ दिसतो, साहेबाचा बूट दिसतो. हाकेकरी दिसलेच तर मागच्या रांगेत, बिननावाचे.

पण याच काळात शांत शिकारही चालू होती. तिचे तीन प्रकार मला सापडले: पक्षी, चित्ता आणि फासा.

बहिरी ससाणा बहिरा नाही!

लहानपणी पक्ष्यांच्या पुस्तकात 'बहिरी ससाणा' वाचलं तेव्हा मला वाटायचं, बिचाऱ्याला ऐकू येत नाही. तुम्हालाही वाटलं असेल. खरं म्हणजे हा 'बहिरी' आपला बहिरा नाहीच. अरबी 'बह्र' म्हणजे समुद्र. 'बहरी' म्हणजे समुद्राकडचा. फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला आणि मराठी जिभेवर 'बहिरी' झाला. आणि 'बहरैन' म्हणजे दोन समुद्र! आपण ज्या देशात राहतो त्याचं नाव आणि सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करणाऱ्या पक्ष्याचं नाव एकाच मुळाचं आहे. हे कळल्यावर मी झिंजमधल्या आमच्या गच्चीवर जाऊन आकाशाकडे पाहिलं होतं. दिसली कबुतरंच, पण ते असो.

आखातातली ही विद्या आधी पोटासाठी होती. बदूंच्या टोळ्या शरद ऋतूत स्थलांतर करणारे ससाणे पकडत, काही आठवड्यांत माणसाळवत, हिवाळाभर त्यांच्याकडून हुबारा नावाचा पक्षी आणि ससे धरवत आणि वसंतात ससाण्याला मोकळं सोडून देत. उन्हाळ्यात वाळवंटात त्याला खायला घालणं परवडत नाही, हे कारण. पण परिणाम बघा. पुढच्या वर्षीसाठी पक्षी निसर्गातच राहिला. मुद्दल परत, फक्त वापर घेतला.

ससाण्याच्या डोळ्यांवर घालतात त्या चामड्याच्या टोपीला अरबीत 'बुर्का' म्हणतात. ही टोपी युरोपने अरबांकडून घेतली. सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४ ते १२५०) याने ससाण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने हे स्वतःच मान्य केलं आहे.

आणि आपल्याकडे? फ्रेडरिकच्याही शंभर वर्षं आधी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, ११३० च्या सुमारास. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूर-लातूरला खेटून असलेलं. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही जुनी नोंद याच ग्रंथातली. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगया आहे आणि श्येनविनोदही आहे, म्हणजे ससाण्याकरवी शिकार. बदूकडे जे पोटासाठी होतं, ते आपल्या राजाकडे 'विनोद' होतं.

कोल्हापूरचे चित्ते

आता मुलांना सांगायला सगळ्यात आवडेल असा भाग. आधी एक खुलासा: चित्ता आणि बिबट्या वेगळे. चित्त्याच्या डोळ्यांपासून ओठांपर्यंत काळी रेघ असते, काजळ ओघळल्यासारखी. 'चीता' हे इंग्रजी नाव आपल्याच 'चित्रक'वरून गेलेलं.

कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) आणि नंतर राजाराम महाराजांच्या काळातही. चित्त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला बैलगाडीवर बसवायचं आणि गाडी माळावरून हळूहळू न्यायची. काळविटांना बैलगाडीची सवय. रोज शेतकरी जातोच की! ती पळत नाहीत. गाडी पुरेशी जवळ गेली की टोपी काढायची, दोर सोडायचा. काही सेकंदांची धाव, सगळा खेळ तेवढाच. चित्त्याने पकडलं तर पकडलं, नाहीतर तो स्वतःच दम लागून बसतो. ना बार, ना धूर.

सबसॉनिक गोळीचा धडा आठवा: शांत शिकारीला जवळ जावं लागतं. इथे जवळ नेण्याचं काम शेतकऱ्याच्या गाडीचं रूप करत होतं.

पण या खात्याला एक मोठं भोक होतं. त्या काळी पाळलेला चित्ता पिंजऱ्यात सहसा वीत नसे. मुघल बादशहांकडे शेकड्यांनी चित्ते होते, तरी पाळीव मादी व्यायल्याची एकच घटना जहांगीरने नवल म्हणून लिहून ठेवली. शिवाय बछडं आणून उपयोग नसे. शिकार आईकडूनच शिकावी लागते, म्हणून रानातला वाढलेला चित्ताच पकडत. प्रत्येक दरबारी चित्ता म्हणजे रानातून कायमचा वजा. बदूंनी मुद्दल परत केलं, आपल्या दरबारांनी शतकानुशतकं मुद्दलातून खर्च केला.

ताळेबंद फुटायचा तेव्हा फुटलाच. विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांना चित्ते आफ्रिकेतून आयात करावे लागले. घरचा साठा संपल्याचा याहून स्पष्ट पुरावा कुठला? माळरानं नांगराखाली गेली, बक्षिसासाठी आणि हौसेसाठी बंदुकीने चित्ते मारले गेले, तेही कारण होतंच. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारल्याची नोंद आहे, ती शेवटची मानली जाते. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. मुलांनी ती बातमी टीव्हीवर पाहिली असेल. तिची मागची पानं ही अशी आहेत.

आणि चित्ता पकडायचं कोण?

इथे मी थबकले. रानातला मोठा चित्ता जिवंत, न दुखावता पकडायचा कसा? चित्ते ठरावीक झाडांवर नखं घासायला, खूण करायला पुन्हा पुन्हा येतात. त्या झाडाभोवती हरणाच्या स्नायूंपासून वळलेल्या दोऱ्यांचे फासे मांडत. हे काम जाणणारी माणसं म्हणजे पारधी.

'पारध' म्हणजेच शिकार. नावातच धंदा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या पारध्यांचे पोटभेद दिले आहेत, ते एखाद्या हत्यारांच्या यादीसारखे वाचता येतात. फासे लावणारे फासेपारधी. शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडून जनावराच्या जवळ जाणारे गायके. चित्ता बाळगणारे चितेवाले. बंदूक वापरणारे शिकारी पारधी वेगळे, म्हणजे बंदूक हा अपवाद, शांतता हा नियम. आणि टाकणकार म्हणजे घरोघरी जाती-पाट्यांना टाकी लावणारे. आपल्या आज्यांना ते दारावर आलेले आठवत असतील.

तित्तिरासाठी घोड्याच्या केसांचे बारीक फास, सशा-हरणांसाठी वाघूर म्हणजे जाळं, पाखरांचा हुबेहूब आवाज काढणं. या माणसांना कुठल्या मॅक्झिमची गरज नव्हती. मारुती चितमपल्ली (१९३२ ते २०२५) यांची पुस्तकं ज्यांनी वाचली आहेत त्यांना माहीत आहे, रानातल्या माणसांच्या अशा ज्ञानाला त्यांनी किती मान दिला.

आता दोन वह्या शेजारी ठेवा. दरबाराच्या वहीत फाशाने धरलेला चित्ता 'मालमत्ता' आहे, चित्तेवानाला पगार आहे. इंग्रज सरकारच्या वहीत तोच फासा लावणारा माणूस जन्मतः गुन्हेगार आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू. हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात अजूनही 'सेटलमेंट' हा शब्द पत्त्यात आहे, तो तिथला. त्या वसाहतीतली माणसं गिरण्यांमध्ये राबली. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या घरात जन्मली म्हणून.

शाहू महाराजांची नोंद इथे वेगळी करावी लागते. चित्त्यांची शिकार करणारे हेच महाराज. पण १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली, शिवाय त्यांनी वेठबिगारीला मनाई केली आणि ज्या फासेपारध्यांना बाकीचे चोर म्हणत त्यांना नोकरीत घेऊन विश्वासाची कामं दिली. एकाच माणसाच्या खात्यात दोन्ही नोंदी आहेत. मुलांना इतिहास शिकवताना आपण एकच बाजू ठेवून दुसरी खोडतो, ते करू नका.

देशभर हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. चित्ता नामशेष जाहीर झाला तेच वर्ष.

कायदा आला, शांतता गेली नाही

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीची व्याख्या करताना बंदुकीपुरता थांबत नाही. पकडणं, फासे लावणं, सापळा, आमिष, हाकून नेणं, दुसऱ्या जनावराकडून पाठलाग करवणं, सगळं शिकारच. म्हणजे हाका, चित्ता आणि फासा तिन्ही एकाच कलमाखाली आले. रान वाचवायला हे हवंच होतं. पण राजांनी छंद सोडला आणि पारध्यांची भाकरी गेली. भाकरीच्या जागी काय द्यायचं, याची तरतूद त्या वहीत नव्हती. वाघांच्या शिकारीच्या खटल्यांत या जमातींतल्या काही टोळ्यांची नावं आली हेही खरं आहे. पण काहींच्या गुन्ह्याची वसुली सगळ्या तांड्याकडून करणं, हे १८७१ चंच गणित झालं.

आणि आजची शांत शिकार? विदर्भात विजेच्या तारेवर आकडा टाकून शेताभोवती प्रवाह सोडतात. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मरतो, कधी माणूसही. आवाज शून्य.

आवाजाचाही दोष काढायला नको, आवाज असूनही जनावरं संपतात. आपल्या इथलाच दाखला घ्या. अरबी ओरिक्स, पांढरा, लांब सरळ शिंगांचा. जीप आणि स्वयंचलित बंदुका वाळवंटात आल्या आणि १९७२ मध्ये ओमानमधला शेवटचा रानटी ओरिक्स गेला. बार भरपूर वाजले, पण पावती बघणारं कोणी नव्हतं. प्राणिसंग्रहालयांतल्या जनावरांपासून पैदास करून १९८२ पासून ते पुन्हा ओमानच्या वाळवंटात सोडले. बहरीनच्या अल अरीन उद्यानात, जे १९७६ मध्ये सुरू झालं, ओरिक्स आणि रीम हरणं दोन्ही दिसतात. मुलांना न्याल तेव्हा नुसते फोटो काढून परत येऊ नका, ही गोष्ट सांगा.

मग मुलांना काय सांगायचं?

झिंजमध्ये अधारीचा झरा आहे. त्याच्यावरून इथे एक म्हण आहे: अधारीसारखा, लांबच्याला पाणी पाजतो आणि जवळच्याला कोरडं ठेवतो. परदेशातल्या आपल्या घरांचं मला कधीकधी तसंच वाटतं. मुलांना मॅक्झिम माहीत असतो, गोळीचा वेग तोंडपाठ असतो. फासेपारधी हा शब्द त्यांनी ऐकलेला नसतो. आणि ऐकलाच तर सुट्टीत गावी गेल्यावर, 'रात्री दार नीट लाव, पारधी फिरतायत' एवढाच.

म्हणून माझ्याकडून तीन छोट्या गोष्टी.

एक, गेम बंद करायला सांगू नका. बंद होत नाही, अनुभव आहे. त्याऐवजी विचारा: ही शिकार कोणाला कळली? मेलेल्या जनावराची नोंद कुठे झाली? जखमी होऊन पळालेल्याचं काय? मुलं विचार करतात, विश्वास ठेवा.

दोन, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर वाघूर, फासा, हाका, टाकी लावणे हे शब्द विचारा. त्यांच्याकडे हे सगळं आहे. आपण विचारत नाही, एवढंच.

तीन, अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा आहे. याच समाजातल्या मतीन भोसले या शिक्षकाने ती सुरू केली. समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेचं ग्रंथालय आणि काही बांधकाम गेलं. आपण सुट्टीत मुंबईहून नागपूरकडे ज्या रस्त्याने भरधाव जातो, तोच रस्ता. आपल्या मुलांना शाळेचं नाव सांगा आणि ते असं का ठेवलं असेल, हे त्यांनाच ओळखू द्या.

तुमच्या गावाकडे आवाज न करता शिकार करायच्या पद्धतीला काय शब्द होता? खानदेश, कोकण, बेळगाव, विदर्भ, कुठलाही चालेल. खाली लिहा, मी यादी करते आहे. याद्या करणं हा माझा धंदाच आहे.